नवा फेडरल शिक्षण कायदा डिस्ट्रिक्टपर्यंत नीट पोचवायचा कसा

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा राज्यांत आता बरीच मराठी मंडळी शाळांच्या कामात शिरलेली दिसतात. कुणी स्कूल बोर्डावर निवडून येतं, कुणी टायटल वनच्या (गरीब घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळांना मिळणाऱ्या फेडरल पैशाच्या) पालक समितीवर बसतं, कुणाला स्कूल डिस्ट्रिक्टच्या (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) किंवा काउंटीच्या ऑफिसात नोकरी लागते. मग एक दिवस वरिष्ठ सांगतात, "वॉशिंग्टनमध्ये शिक्षणाचा नवा कायदा झालाय. आपल्या लोकांना माहिती देत राहायचं काम तुमच्याकडे." ही जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी हा लेख आहे.

उदाहरण म्हणून सगळीकडे ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट’ घेतलाय. सगळे त्याला ‘एस्सा’ म्हणतात. १० डिसेंबर २०१५ ला त्यावर ओबामांची सही झाली आणि शाळा जोखायची नवी पद्धत २०१७-१८ च्या शालेय वर्षापासून सुरू झाली. मधल्या काळात नियम आले, रद्द झाले, सरकार बदललं, राज्यांचे आराखडे अडले आणि सुटले. शिकायला याहून चांगला नमुना मिळणार नाही.

१. कोण कोणाला बांधील आहे, ते आधी समजून घ्या

आपल्याकडून गेलेल्या माणसाला वाटतं की दिल्लीसारखं वॉशिंग्टनने ठरवलं की खाली सगळीकडे लागू. इथे तसं नाही. अमेरिकी राज्यघटनेत शिक्षणाचा विषय केंद्राकडे दिलेला नाही, तो राज्यांचा आहे. शाळांच्या एकूण खर्चात फेडरल पैसा साधारण दहावा हिस्सा, अनेकदा त्याहूनही कमी. पण त्या पैशाला अटी चिकटलेल्या असतात, आणि पैसा घेतला की अटी पाळाव्या लागतात. १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेला प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायदा हे या सगळ्याचं मूळ. २००२ चा ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ आणि २०१५ चा एस्सा या त्याच कायद्याच्या नव्या आवृत्त्या. म्हणून ‘नवा कायदा’ म्हणताना लक्षात ठेवा की त्यातला बराचसा भाग जुनाच असतो.

साखळी अशी: काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, कायदा करते, फेडरल शिक्षण खातं नियम आणि सूचना काढतं, राज्याचं शिक्षण खातं आपला आराखडा बनवून मंजूर करून घेतं, आणि मग डिस्ट्रिक्ट राज्याकडे अर्ज करून पैसे घेतं. डिस्ट्रिक्टचा वॉशिंग्टनशी थेट संबंध क्वचितच येतो. देशात सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट्स आहेत. टेक्साससारख्या राज्यात हजाराहून जास्त, आणि हवाईत अख्ख्या राज्याचं मिळून एकच. साखळी इतकी लांब की ‘ध’चा ‘मा’ व्हायला भरपूर जागा.

बऱ्याच राज्यांत एक मधला थर असतो आणि नवखी माणसं नेमकी त्यालाच विसरतात. टेक्सासमध्ये २० विभागीय शिक्षण सेवा केंद्रं आहेत, पेनसिल्व्हेनियात २९ ‘इंटरमीजिएट युनिट’, न्यूयॉर्कमध्ये ३७ ‘बोसीज’, कॅलिफोर्नियात ५८ काउंटी ऑफिसं. लहान डिस्ट्रिक्टमध्ये फेडरल कार्यक्रम बघणारा माणूस आणखी चार कामं करत असतो, त्याला साडेतीनशे पानांच्या वरचा कायदा वाचायला वेळ कुठला? हे मधले लोक प्रशिक्षणं घेतात, फोन उचलतात आणि शेजारच्या डिस्ट्रिक्टने काय केलं तेही सांगतात. पहिल्या आठवड्यात दोनच कामं करा. तुमच्या मधल्या कार्यालयातला फेडरल कार्यक्रमांचा माणूस शोधून त्याच्याशी ओळख करा. आणि राज्याच्या शिक्षण खात्याची परिपत्रकं तुमच्या ईमेलवर थेट येतील अशी सोय करा. कुणीतरी पुढे पाठवेल या भरवशावर राहू नका.

२. हातात आलेला कागद किती वजनाचा आहे ते बघा

माझ्या मते या कामातलं निम्मं कौशल्य इथेच आहे. कागद चार प्रकारचे असतात. कायदा: काँग्रेसने केलेला, तो बांधील. नियम: खात्याने मसुदा फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, छापून, लोकांच्या हरकती मागवून, मग पक्के केलेले. तेही बांधील. मार्गदर्शक सूचना आणि ‘डिअर कलीग’ या मायन्याने येणारी पत्रं: खातं कायद्याचा अर्थ कसा लावतं ते यातून कळतं, पण त्यांनी नवी सक्ती येत नाही. शेवटचा प्रकार बातम्यांचा: भाषणं, प्रस्तावित विधेयकं, संघटनांची पत्रकं. बांधील काहीच नाही, पण आवाज सगळ्यात मोठा.

आता एस्साचं बघा. शाळांच्या जबाबदेहीबद्दलचे पक्के नियम खात्याने नोव्हेंबर २०१६ मध्ये छापले. अनेक राज्यांनी त्यावर बेतून तयारी सुरू केली. जानेवारीत सरकार बदललं. मार्च २०१७ मध्ये सिनेटने ५० विरुद्ध ४९ मतांनी ते नियम रद्द करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर सही केली. नियम गेले. कायदा मात्र जसाच्या तसा राहिला. आणि राज्यांना आराखडे सादर करायची पहिली तारीख होती ३ एप्रिल २०१७, म्हणजे अगदी तोंडावर. (दुसरी १८ सप्टेंबर.) त्या दिवसांत ज्यांनी डिस्ट्रिक्टला ‘नियमाप्रमाणे असं करा’ असं कळवलं होतं त्यांना सगळं परत लिहावं लागलं. ज्यांनी ‘कायद्याच्या अमुक कलमाप्रमाणे हे, आणि नियमाप्रमाणे ते’ असं वेगळं लिहिलं होतं त्यांना फक्त दुसरा भाग खोडावा लागला.

दुसरं उदाहरण मसुद्याचं. राज्य व स्थानिक पैशाच्या जागी फेडरल पैसा वापरायचा नाही, ही अट जुनीच. एस्सात ती तपासायची पद्धत बदलली आणि त्यावर नियम करायला २०१६ च्या वसंतात वाटाघाटी बसल्या. एकमत झालं नाही. खात्याने स्वतःचा मसुदा काढला, त्यावर बराच गदारोळ झाला आणि जानेवारी २०१७ मध्ये तो मागे घेतला. बातम्या वाचून घाबरलेल्या एखाद्या हिशेबनीसाने त्या मसुद्याप्रमाणे बजेट बदललं असतं तर?

म्हणून सवय लावून घ्या: प्रत्येक सूचनेच्या डोक्यावर ‘स्थिती’ लिहायची. कायदा, पक्का नियम, मसुदा, सल्ला यांपैकी काय, आणि कोणत्या तारखेला ते तसं होतं.

३. जुनं-नवं शेजारी मांडा

डिस्ट्रिक्टला कायदा समजावून नको असतो. काय थांबवायचं, काय चालू ठेवायचं आणि काय नव्याने करायचं, एवढं त्यांना हवं असतं. एस्सा आला तेव्हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज म्हणजे ‘परीक्षा गेल्या’. गेल्या नव्हत्या. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणित, हायस्कूलमध्ये एकदा, आणि विज्ञान प्राथमिक, माध्यमिक, हायस्कूल अशा तीन टप्प्यांत एकेकदा. म्हणजे बारावीपर्यंत किमान सतरा राज्यस्तरीय परीक्षा. ‘नो चाइल्ड’मध्ये होत्या तेवढ्याच. ९५ टक्के मुलांनी परीक्षेला बसलं पाहिजे ही अटही राहिली. कमी मुलं बसली तर शाळेच्या मूल्यमापनात त्याचा हिशेब कसा धरायचा, हे मात्र राज्यांवर सोडलं. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली पाचातल्या एका मुलाच्या पालकांनी परीक्षेला नकार दिला होता. तिथल्या डिस्ट्रिक्टसाठी हा तपशील किती मोलाचा होता ते लक्षात येईल.

जे थांबलं ते असं. दरवर्षी ठरावीक प्रगती दाखवायची आणि २०१३-१४ पर्यंत १०० टक्के मुलं ‘प्रवीण’ करायची, हे अशक्य लक्ष्य गेलं. ‘हायली क्वालिफाइड’ शिक्षकाची फेडरल व्याख्या गेली, आता राज्याचं प्रमाणपत्र पुरतं. मागे पडलेल्या शाळांसाठी टायटल वनच्या २० टक्क्यांएवढा पैसा शिकवण्या आणि शाळाबदल यांसाठी बाजूला ठेवायची सक्ती गेली. ही शेवटची गोष्ट हिशेबनीसाला पहिल्यांदा सांगायची होती, कारण त्याने बजेट मोकळं होत होतं.

आणि नवं: राज्याने टायटल वन शाळांतल्या तळाच्या ५ टक्के शाळा, तसंच जिथे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलांचं प्रमाण ६७ टक्क्यांच्या खाली आहे अशी हायस्कुलं, दर तीन वर्षांतून किमान एकदा शोधायची. त्यांच्यासाठी सुधारणेचा आराखडा डिस्ट्रिक्टने बनवायचा, वॉशिंग्टनने नाही. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची प्रगती टायटल थ्रीच्या, म्हणजे कायद्यातल्या त्यांच्यासाठीच्या वेगळ्या भागाच्या, कोपऱ्यातून काढून मुख्य मूल्यमापनात आणली.

तुमच्या तक्त्यात चौथा रकाना ठेवा: ‘अजून ठरायचंय’. तो भरलेला बघून वरिष्ठ थोडे नाराज होतील. होऊ देत. अर्धवट माहितीवर ठाम उत्तर देण्यापेक्षा ‘राज्याचा निर्णय अमुक महिन्यात अपेक्षित, तोवर जुन्याप्रमाणे चालू ठेवा’ हे वाक्य डिस्ट्रिक्टच्या कितीतरी जास्त कामाचं.

४. तारखांची वही

सहीची तारीख, लागू होण्याची तारीख आणि पैसा येण्याची तारीख, या तिन्ही वेगळ्या. एस्सावर सही डिसेंबर २०१५ ची. ‘नो चाइल्ड’मधून राज्यांना दिलेल्या सवलती संपल्या १ ऑगस्ट २०१६ ला. फॉस्टर केअरमधल्या (सरकारने आईबापांपासून दूर, दुसऱ्यांकडे सांभाळायला ठेवलेल्या) मुलांबद्दलच्या तरतुदी १० डिसेंबर २०१६ पासून. नवी मूल्यमापन पद्धत २०१७-१८ पासून. एकाच कायद्याची चार घड्याळं.

त्यात डिस्ट्रिक्टचं स्वतःचं वेळापत्रक मिसळा. बहुतेक राज्यांत शाळांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, आणि बजेट त्याआधी वसंतातच मंजूर झालेलं असतं. त्यामुळे मे महिन्यात कळवलेली अट म्हणजे वरातीमागून घोडं. फेडरल पैशाचा मोठा भाग १ जुलैपासून उपलब्ध होतो, असं सगळे गृहीत धरून चालतात. पण २०२५ मध्ये काय झालं ते आठवा: ३० जूनला राज्यांना कळवण्यात आलं की शिक्षक प्रशिक्षण, इंग्रजी शिकणारी मुलं, शाळेनंतरचे कार्यक्रम अशा काही योजनांचा पैसा दुसऱ्या दिवशी मिळणार नाही. रक्कम सहा अब्ज डॉलरच्या वर. जुलैअखेर तो सोडला, पण तोवर अनेक डिस्ट्रिक्ट्स नेमणुका थांबवून बसली होती. म्हणून आकडे कळवताना ‘अंदाजे’ आणि ‘मंजूर’ हे शब्द कधीही अदलाबदल करून वापरू नका.

५. एकच मेमो सगळ्यांना पाठवू नका

सुपरिंटेंडंटला, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याला, एक पान. हिशेबनीसाला आकडे आणि अटी: टायटल वनचे ५ लाख डॉलरहून जास्त मिळत असतील तर किमान १ टक्का पालकांच्या सहभागासाठी ठेवायचा, त्यातला ९० टक्के थेट शाळांना द्यायचा. मनुष्यबळ विभागाला शिक्षकांच्या प्रमाणपत्रांबद्दल. बेघर मुलांचं काम बघणाऱ्या लिएझनला (संपर्क अधिकाऱ्याला) त्याच्या भागाबद्दल, इंग्रजी शिकवणीच्या समन्वयकाला तिच्या. मुख्याध्यापकांना फक्त ‘सोमवारपासून काय वेगळं’ एवढंच. बोर्डाच्या सदस्यांना द्यायचं ते सार्वजनिक बैठकीच्या अजेंड्यातून, कारण खुल्या बैठकांचे राज्याचे कायदे कडक असतात. कॅलिफोर्नियात नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो. बोर्डाच्या सगळ्या सदस्यांना ईमेलवर घेऊन तिथेच चर्चा रंगवणं हा अडचणीत यायचा हमखास मार्ग.

मेमो कसा असावा याचा नमुना देतो. एवढ्याहून लांब झाला तर कापा.

*विषय: शिक्षकांच्या पात्रतेबद्दल पालकांना सूचना*
*कोणासाठी: टायटल वन शाळांचे मुख्याध्यापक, मनुष्यबळ विभाग*
*स्थिती: कायदा, बांधील. कलम १११२, उपकलम ई*
*काय करायचं: वर्षाच्या सुरुवातीला सर्व पालकांना कळवायचं की ते मुलाच्या वर्गशिक्षकाची पात्रता विचारू शकतात. राज्याच्या प्रमाणपत्राच्या अटी पूर्ण न करणारा शिक्षक सलग चार आठवडे किंवा जास्त शिकवत असेल तर पालकांना वेळेवर कळवायचं*
*कोणी: पहिलं पत्र डिस्ट्रिक्ट ऑफिस, दुसरं मुख्याध्यापक*
*केव्हा: पहिलं पत्र शाळा सुरू होताना, दुसरं प्रसंग येईल तसं*
*काय बदललं नाही: पालकांचा विचारण्याचा हक्क पूर्वीही होता*
*शंका: फेडरल कार्यक्रम कार्यालय*

‘काय बदललं नाही’ ही ओळ कधी वगळू नका. लोक सगळ्यात आधी तीच शोधतात.

६. पालकांपर्यंत, आणि त्यातही आपल्या लोकांपर्यंत

इथे मराठी घरांचा थेट संबंध येतो. मुलाला शाळेत घालताना एक फॉर्म भरावा लागतो, घरी कोणती भाषा बोलता? आपण प्रामाणिकपणे ‘मराठी’ लिहितो. मग शाळा मुलाची इंग्रजीची चाचणी घेते, आणि पहिलीतल्या पोराने अनोळखी बाईंसमोर तोंडच उघडलं नाही तर घरी पत्र येतं: तुमचं मूल इंग्रजी शिकणारं म्हणून ओळखलं गेलं आहे. घरात खळबळ. "आमचा चिन्मय दिवसभर इंग्रजीत कार्टून बघतो, त्याला इंग्रजी येत नाही?" पुढच्या वेळी मित्रमंडळी सल्ला देतात की फॉर्मवर सरळ ‘इंग्लिश’ लिहून टाका.

तो सल्ला देऊ नका. पत्रात काय असायला हवं तेवढं समजावून सांगा. एस्साप्रमाणे अशा मुलांना ओळखण्याची आणि त्या गटातून बाहेर काढण्याची पद्धत राज्यभर एकसारखी असायला हवी, आणि प्रवेशानंतर ३० दिवसांत मुलाची तपासणी व्हायला हवी. वर्षाच्या सुरुवातीला ओळखलेल्या मुलाच्या पालकांना शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत कळवावं लागतं. मधेच प्रवेश घेऊन कार्यक्रमात गेलेल्याच्या पालकांना दोन आठवड्यांत. पत्रात मुलाची पातळी, ती कशी मोजली, कोणता कार्यक्रम, त्यातून बाहेर कधी पडता येतं आणि नकार द्यायचा हक्क, हे सगळं लिहिलेलं हवं. पालक कार्यक्रमाला नकार देऊ शकतात. पण नकार दिला तरी मूल ‘इंग्रजी शिकणारं’च धरलं जातं आणि निकष पूर्ण होईपर्यंत दरवर्षीची इंग्रजीची चाचणी द्यावीच लागते. हे शेवटचं वाक्य कुणी सांगत नाही, आणि मग फेब्रुवारीत चाचणीचा दिवस आला की पालक चिडून ऑफिसात येतात.

कायदा म्हणतो की अशा सूचना पालकांना समजेल अशा भाषेत, शक्य तेवढ्या प्रमाणात, द्याव्यात. मराठीचा नंबर डिस्ट्रिक्टच्या भाषांतर यादीत बहुधा खालीच असणार. तुम्ही भाषांतर तपासायला मदत करू शकता, पण यंत्राने केलेलं भाषांतर न वाचता पुढे सरकवू नका. आणि सरकारी मराठीही टाळा. ‘प्राविण्य निर्धारण प्रक्रिया’ वाचून कुठली आई ऑफिसात येणार? रविवारची मराठी शाळा किंवा महाराष्ट्र मंडळाचा गणपती ही माहिती द्यायला चांगली जागा आहे, पालक तिथे आलेलेच असतात. तिथे सर्वसाधारण माहिती द्या. कुणा एकाच्या मुलाचे गुण, पातळी, अडचण यावर चारचौघांत अवाक्षर काढू नका. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा फेडरल कायदा शाळेला लागू आहे, आणि तुम्ही शाळेच्या वतीने बोलत असता.

७. खालून वरही पाठवा

माहिती फक्त वरून खाली यावी असं कायद्यालाही अपेक्षित नाही. खात्याच्या मसुद्यावर कुणालाही लेखी मत नोंदवता येतं. मुदत बहुतेक वेळा ३० ते ६० दिवसांची. राज्याने आपला आराखडा वॉशिंग्टनला पाठवण्याआधी किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा लागतो. शिवाय प्रत्येक राज्यात टायटल वनसाठी शिक्षक, प्रशासक, पालक आणि बोर्ड सदस्यांची एक समिती असावी लागते, जी राज्याचे नियम लागू होण्याआधी तपासते. तुमच्या राज्यात तिच्यावर कोण आहे ते शोधा.

डिस्ट्रिक्टमधून प्रश्न येतील तसे एका फाईलीत लिहून ठेवा: कोणी विचारलं, केव्हा, राज्याकडून काय उत्तर आलं. फोनवर मिळालेलं उत्तर लगेच ईमेलने परत पाठवून ‘मी असं समजले, बरोबर ना?’ विचारा. राज्याच्या ऑफिसातली माणसं बदलतात, आणि ज्यांनी फोनवर ‘चालेल’ म्हटलं ते पुढच्या वर्षी तिथे नसतात.

८. पोचलं का ते बघा, आणि कागद ठेवा

मेमो पाठवला म्हणजे पोचला असं नाही. दोन आठवड्यांनी तीन-चार मुख्याध्यापकांना फोन करून एकच प्रश्न विचारा: "त्या पत्राप्रमाणे तुम्ही काय केलंत?" ‘वाचलं’ असं उत्तर आलं तर मेमो नीट लिहिला गेला नव्हता असं धरा आणि पुन्हा लिहा.

जुने मेमो बदलले की फेकू नका. त्यावर ‘रद्द, अमुक तारखेपासून’ असं लिहून ठेवून द्या. फेडरल अनुदानाची कागदपत्रं सर्वसाधारणपणे शेवटचा खर्चाचा अहवाल दिल्यापासून तीन वर्षं जपावी लागतात. राज्याचे तपासनीस येतात तेव्हा त्या वेळी कोणती सूचना लागू होती आणि ती कोणाला कधी दिली होती, हे विचारतात. ती फाईल नावानिशी, तारखेनिशी, तुमच्या स्वतःच्या नव्हे तर डिस्ट्रिक्टच्या ड्राइव्हवर ठेवा.